शिट्टी वाजली की थांबायचं

मूल्यशिक्षणाचा तास माझ्याकडे आला, कारण तो दुसऱ्या कुणाला नको होता.

वेळापत्रकात तो असायचा. पण प्रत्यक्षात त्या तासाला गणिताचे सर त्रिकोणमिती उरकायचे, नाहीतर इंग्रजीच्या बाई वह्या तपासायच्या. एका पावसाळ्यात आमच्या मैदानाचं तळं झालं. मी आणि माझी शिट्टी, दोघी रिकाम्या बसलो होतो. आमचे मुख्याध्यापक म्हणाले, "खरात बाई, मैदान वाळेपर्यंत नववीचा मूल्यशिक्षणाचा तास घ्या. काही अवघड नसतंय. खरं बोला, मोठ्यांचा मान ठेवा, एवढंच."

मैदान वाळलं. तास मात्र मी परत दिला नाही. कोरेगाव तालुक्यातल्या या शाळेत शारीरिक शिक्षणाची शिक्षिका म्हणून माझी सगळी नोकरी गेली. आता निवृत्ती दारात आली आहे. तुमच्या हातून झालेलं चांगलं काम कुठलं, असं कुणी विचारलं तर लोकांना वाटतं, मी ऑफिसातल्या ढालींच्या कपाटाकडे बोट दाखवीन. मी त्या तासाबद्दल बोलायला लागते आणि मग थांबत नाही.

मी मूळची कवठे महांकाळकडची. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी पाऊल टाकलेलं नव्हतं. वडील मेंढरं राखायचे. पदवी घेऊन घरी गेले तेव्हा त्यांनी ती उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, "म्हंजी आता तू पोरांना पळायला शिकवणार?" म्हटलं, व्हय. तर म्हणाले, "पळायला काय शिकवायचं त्यात? मागं कुत्रं लागलं की कुणीबी पळतंय." मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. आज देता आलं असतं, पण ऐकायला ते नाहीत.

तर त्या पहिल्या तासाला मी पुस्तक उघडलं आणि प्रामाणिकपणावरचा धडा वाचायला लागले. दुसऱ्या परिच्छेदाला मागच्या बाकावर कुणीतरी जांभई दिली. ती बाक बाक करत पुढं आली आणि शेवटी मलाही आली. मी पुस्तक मिटलं. विचारलं, "काल मैदानावर कशावरून भांडत होता रं?"

सगळा वर्ग एकदम बोलायला लागला. भांडण ओंकारच्या बॅटीवरून होतं. बॅट त्याच्या मामानं पुण्याहून आणलेली, गावात तसली दुसरी नाही. स्टंप म्हणून मोडकी खुर्ची. पहिलाच चेंडू खुर्चीला लागला. ओंकार म्हणाला, हा ट्रायल बॉल होता. बाकीचे म्हणाले, नव्हता. ओंकारनं बॅट काखेत मारली आणि तो घरी गेला. खेळ संपला.

मी सगळ्यांना व्हरांड्यात नेलं. तीच खुर्ची मांडली, तीच बॅट मागवली. म्हटलं, काल झालं तसंच करून दाखवा. चेंडू पडला, खुर्चीला लागला आणि त्याच क्षणी मी शिट्टी मारली. "थांबा. जो जसा आहे तसा." सगळे थांबले. ओंकारची बॅट हवेतच.

"पंचाला दिसलं का, चेंडू लागलेला?"

"पंच माझा चुलतभाऊ हाय, बाई. त्याला कवाच दिसत न्हाई."

"तुला दिसलं का?"

तो खुर्चीकडं बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "दिसलं की."

"मग आता?"

"पण बॅट माझी हाय."

मागून एक मुलगी म्हणाली, "मग एकटाच खेळ की बॅट घेऊन. आउट करायलाबी कोण नसंल." व्हरांडा हसला, ओंकारही हसला, आणि त्यानं बॅट पुढच्या मुलाच्या हातात दिली. धड्याच्या चार पानांनी जे झालं नसतं ते एका खुर्चीनं केलं होतं.

तेव्हापासून आमचा तास असाच चालतो. आधी प्रसंग खेळून दाखवायचा. जिथं पाय घसरू शकतो तिथं मी शिट्टी मारते. शिट्टी वाजली की थांबायचं, हलायचं नाही. बरोबर आणि चूक हे दोन शब्द लगेच वापरायचे नाहीत. मग त्या थांबलेल्या खेळाडूला मी एकच प्रश्न विचारते: पंचाला माहीत नाही, तुला माहीत आहे. आता काय करशील?

काय काय प्रसंग आले या तासाला. व्हॉलीबॉलमध्ये ब्लॉकवरच्या बोटाला चेंडू पुसट लागून बाहेर गेला, फक्त बोटाला माहीत. खो-खोत हात पाठीला लागलाच नाही, नुसताच खो दिला. एकदा शर्यतीचे बैल असणाऱ्या घरचा एक मुलगा उठून म्हणाला, शर्यतीत बैलाला टोचलं तर काय बिघडतं, टोचल्याशिवाय पळत नाही. एक मुलगी बैल झाली, दोघं गाडीवान झाले, टोचायच्या क्षणी मी शिट्टी मारली. प्रश्न विचारायच्या आधी बैल झालेलीच बोलली, "बाई, मी कुणाकडनं खेळतीया ते मला कुणी सांगितलंच न्हाई." त्या दिवशी तासाची घंटा झाली तरी कुणी उठेना.

माझा तास सगळ्यांना लागू पडला असं मात्र नाही. एक मुलगा होता, प्रत्येक प्रसंगाचं उत्तर चोख द्यायचा. तोच पुढं दुसऱ्या गावाच्या संघातून दुसऱ्याच मुलाच्या नावावर खेळताना सापडला. मी त्याला गाठलं, तर निर्मळ चेहऱ्यानं म्हणाला, "पण बाई, तासाला मी बरोबर उत्तर दिलं होतं की."

आता मला सांगायचं आहे ते वैष्णवीचं.

वैष्णवी आमच्या मुलींच्या कबड्डी संघाची चढाईपटू. घरचा व्यवसाय माझ्याच वडलांचा, मेंढरांचा. तिचे आईवडील दिवाळीनंतर कळप घेऊन निघायचे आणि गावोगाव ऊस तुटून गेलेल्या रानात मेंढरं बसवायचे. मेंढरं रात्री रानात बसली की रानाला खत होतं, म्हणून शेतकरी बोलावतात. तोवर वैष्णवी आजीबरोबर शाळेच्या गावात एका खोलीत राहायची आणि शिकायची. त्या वर्षी आजी थकली. तिला सांभाळायला मूळ गावी न्यायचं ठरलं. पोरीला एकटं कुठं ठेवायचं? वडील मला भेटायला आले, चांगला माणूस, अगदी अजिजीनं म्हणाले, "बाई, पुढल्या साली ती आमच्यासंगं येईल. शाळा बघू मग."

'बघू मग' म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. माझ्या बरोबरीच्या किती मैत्रिणी त्या 'बघू मग'मध्ये राहिल्या.

एकच वाट होती. राहायची-जेवायची सोय असलेली एक क्रीडाशाळा होती, आणि तिथले निवड करणारे लोक विभागाच्या स्पर्धेला यायचे. विभागाला जायचं तर साताऱ्याला होणारी जिल्ह्याची अंतिम लढत जिंकायची. वैष्णवीला हे माहीत होतं. सगळ्या संघाला माहीत होतं. आमची कर्णधार साक्षी, तिचे वडील फौजेत आणि तीही तशीच सरळ उभी राहून बोलणारी, तिनं सरावाला सांगून टाकलं होतं, "हे बघा गं, ही मॅच वैष्णीच्या दप्तराची हाय." वैष्णवीला त्या वैष्णीच म्हणायच्या.

अंतिम सामन्याच्या दिवशी वैष्णवीची आई आली, मंगलताई. कळप साताऱ्याच्या जवळच बसला होता, तिथून एकट्या आल्या. लेकीचा खेळ त्यांनी कधीच बघितलेला नव्हता. डोक्यावरून पदर, हातात पिशवी. मला बघून म्हणाल्या, "बाई, तिच्या पायाला लागल्यालं हाय म्हणं परवा?" घोटा जरा मुरगळला होता खरा. म्हटलं, बरा आहे आता. त्या मान हलवून लेकीजवळ गेल्या. मी कागदपत्रांच्या टेबलाकडं गेले.

समोर वाईकडच्या एका शाळेचा संघ होता. तयारीच्या मुली, आणि त्यांच्या डाव्या कोपऱ्याला एक बुटकी, रुंद खांद्याची मुलगी होती, जिची घोट्याची पकड आम्ही उपांत्य सामन्यात बघून आलो होतो. चढाईवाली मागं वळली की ही खाली झेप घेऊन दोन्ही हातांनी घोटा धरते, आणि तिनं धरला की चढाई संपली. माझ्या मुली रात्रभर त्या दोन हातांबद्दलच बोलत होत्या.

सामना सुरू झाला आणि काय खेळली वैष्णवी. पहिल्या चढाईत बोनसचा गुण घेऊन आली. दुसरीत वळताना त्या मुलीनं घोटा धरला, अगदी दोन्ही हातांनी. आम्ही डोळे मिटणार तोवर वैष्णवीचा पाय त्या हातांतून सुटला आणि ती मध्यरेषेवर आडवी पडलेली, हात आमच्या बाजूला. तिसरीत परत तेच. चौथीत तर दोघींनी मिळून धरली, दोघींच्या हातांतून ती मासोळीसारखी निघाली. आमच्या बाजूला नुसता गोंधळ. मी शिक्षिका आहे, मैदानाबाहेर शांत उभं राहायचं असतं. मी उड्या मारत होते. समोरच्या संघावर लोण चढला, म्हणजे त्यांच्या सातही जणी बाद झाल्या आणि आम्हाला वरचे दोन गुण मिळाले. ती कोपऱ्याची मुलगी पंचांना म्हणाली, "सर, निसटतंय हातातनं." पंच म्हणाले, "घाम आहे बाळ, सगळ्यांनाच घाम येतो." तिनं आपले तळहात हाफपँटला पुसले आणि परत जागेवर गेली.

मध्यंतराला आम्ही चांगल्याच पुढं होतो. मुली माझ्याभोवती गोळा झाल्या, पाणी प्यायल्या, एकमेकींना टाळ्या देत होत्या. वैष्णवीचा घोटा बघावा म्हणून मी खाली बसले. तिच्या पायाला हात लावला आणि नाकाशी एकदम लसणाचा वास आला.

मी परत वास घेतला. हाताची बोटं एकमेकांवर चोळली. तेल.

मागं मंगलताई उभ्या होत्या, कौतुकानं भरून आलेल्या. मी विचारायच्या आधीच म्हणाल्या, "करडईचं हाय. लसूण घालून कढवलंय. त्या पाण्याच्या टाकीमागं बसवून चांगलं चोळलं मी, मांडीपासनं टाचंपर्यंत. आमच्या मेंढराचा पाय मुरगळला तरी ह्यानंच बसतोय."

आता बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. कबड्डीत अंगाला तेल किंवा निसरडं काही लावायचं नाही, हा अगदी पहिला नियम, नखं कापायच्या नियमाच्या शेजारी बसणारा. का, ते आता सांगायला नकोच. वैष्णवीला हा नियम माहीत होता का? होता, पण तो तिच्या लेखी लबाडी करणाऱ्यांसाठी होता, आईच्या हाताच्या तेलासाठी नव्हे. आणि आजवर तिच्या पायाला तेल असायचंच की. आजी रोज चोळायची. पण आमचं मैदान मातीचं. मातीत दोन चढाया झाल्या की माती सगळं तेल पिऊन टाकते, उलट पाय खरबरीत होतो. साताऱ्याला त्या दिवशी मॅट होती. मॅट तेल पीत नाही. मॅटवर तेल तेलच राहतं. आम्ही सगळ्याच मातीतल्या, कुणाच्याच हे डोक्यात आलं नाही.

मी हे हळू आवाजात मुलींना सांगितलं. टाळ्या थांबल्या. वैष्णवीनं पाय पोटाशी ओढून घेतले.

पहिल्यांदा आमची डावी बाजू सांभाळणारी मुलगी बोलली, "आपण काय मुद्दाम केलंय का, बाई?"

नव्हतंच केलं. दुसरी म्हणाली, "पुसून टाकूया. माझा टॉवेल हाय. इथून पुढं बिनतेलाचं खेळू. गपचूप." खरं सांगते, मला ते पटलं. पुढचा खेळ स्वच्छ, मागचं नकळत झालेलं, कुणाच्या तोंडाला काळं नाही, आणि वैष्णवीचं दप्तर शाबूत. माझी मान हलायच्या बेतात होती.

तेवढ्यात साक्षी म्हणाली, "मघाशी मुद्दाम नव्हतं. आता आपल्याला कळलं. आता गप बसलो तर मुद्दाम हाय."

साक्षी माझ्याकडं बघत होती. मग तिनं जे केलं ते मी विसरणार नाही. तिनं दोन बोटं तोंडात घातली आणि शिट्टी मारली. फार जोरात नाही, आमच्यापुरती. माझ्या सगळ्या मुली, तासाला थांबतात तशा, जिथल्या तिथं थांबल्या. एकीच्या हातातली पाण्याची बाटली तोंडापाशी तशीच.

साक्षीनं वैष्णवीला विचारलं, "पंचाला माहीत न्हाई. तुला माहीत हाय. आता?"

माझं वाक्य, आणि ते माझ्याच अंगावर येऊन पडलं. वर्गात किती सोपं असतं ते विचारणं. तिथं कुणाचं दप्तर पणाला नसतं.

वैष्णवीनं आईकडं बघितलं. आईला यातलं काही समजलेलं नव्हतं, फक्त आपण काहीतरी बिघडवलं एवढं समजलं होतं, आणि पदराचं टोक त्यांच्या मुठीत गेलं होतं. वैष्णवी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बाई, सांगते. पण आईचं नाव घ्यायचं न्हाई." आणि उठून चालू लागली. आम्ही सगळ्या तिच्या मागं.

पंचांच्या टेबलासमोर जाऊन ती उभी राहिली आणि एका दमात म्हणाली, "सर, माझ्या पायाला तेल हाय."

पंच चमकले. समोरच्या संघाच्या शिक्षिका आणि ती कोपऱ्याची मुलगी जवळ आल्या. त्या मुलीनं स्वतःच्या तळहातांचा वास घेतला आणि "तरीच" असं पुटपुटली.

पंचांनी विचारलं, "कुणी लावलं?"

वैष्णवी म्हणाली, "मीच."

बघा आता. पोरगी खरं सांगायला आली, एवढं मोठं खरं, सगळं पणाला लावून, आणि त्याच दमात पंचांच्या डोळ्यांत बघून साफ खोटं बोलली. मी मूल्यशिक्षणाची शिक्षिका तिच्या मागं उभी, आणि मला काय करावं ते कळेना.

आमच्यामागून आवाज आला, "खोटं बोलतीया ती."

मंगलताई मुलींना बाजूला सारत पुढं आल्या. हातात ती तेलाची बाटली. बाटली त्यांनी पंचांच्या टेबलावर कागदांशेजारी ठेवली आणि म्हणाल्या, "आवं सायेब, मी चोळलंय. हे बघा. तिला कशापायी बोलताय? काय करायचं ती शिक्षा मला करा, मी बसते हितं."

आणि खरंच बसल्या. टेबलासमोर, मॅटच्या कडेला, मांडी घालून.

पंच अनुभवी माणूस, पण असा गुन्हेगार त्यांच्यासमोर कधी आलेला नसावा. त्यांना हसू येत होतं आणि ते दाबून ठेवत होते. त्यांनी दुसऱ्या पंचांशी बोलून निर्णय दिला: झालेले गुण झाले, ते काढता येत नाहीत. वैष्णवीला ताकीद. पाय पूर्ण कोरडे झाल्याशिवाय मैदानात यायचं नाही. मग मंगलताईंकडं वळून म्हणाले, "उठा मावशी. शिक्षा नाही. पण हे तेल आता निघालं पाहिजे."

"निघतंय की," म्हणत त्या उठल्या. लेकीला हाताला धरून मैदानाबाहेर नेलं, ओंजळभर माती घेतली आणि कढई घासावी तसे तिचे पाय घासायला लागल्या. मॅटवर जे झालं नव्हतं ते मातीनं दहा मिनिटांत केलं.

त्या दहा मिनिटांत समोरच्या संघानं आम्हाला धुऊन काढलं. वैष्णवीशिवाय आमची चढाई म्हणजे नुसतं जाऊन येणं. आघाडी वितळत गेली. वैष्णवी परत आली तेव्हा गुण सारखे झाले होते. तिचे पाय लालबुंद. तिनं पहिल्याच चढाईत दोघींना शिवून मध्यरेषा गाठली, मॅटवर जोरात हात आपटला. मग त्यांनी एक घेतला, मग आम्ही. मला वाटतं, माझ्या सगळ्या आयुष्यात इतका देखणा कबड्डीचा खेळ मी बघितला नाही. आता कुणी कुणाला तेल, घाम काही म्हणत नव्हतं. पाय म्हणजे पाय आणि हात म्हणजे हात. बघणाऱ्यांत त्यांचे कोण, आमचे कोण, तेही कळेना. सगळे मिळून ओरडत होते.

शेवटची चढाई आमची. एका गुणानं ते पुढं. वैष्णवी गेली. दम घालत ती उजवीकडं झुकली, झटकन डावीकडं आली, एकीच्या खांद्याला बोटं लावली आणि वळली. ती बुटकी मुलगी त्याच क्षणी खाली झेपावली. दोन्ही हातांनी घोटा. वैष्णवीनं सगळं अंग मध्यरेषेकडं फेकलं. बोटं रेषेच्या अलीकडं, त्यांच्याच बाजूला टेकली. अगदी अलीकडं. बाकीच्या मुली तिच्यावर पडल्या. शिट्टी.

आम्ही हरलो.

ढीग सुटला तेव्हा ती कोपऱ्याची मुलगी वैष्णवीचा घोटा अजून धरूनच बसली होती. तिनं मान वर केली आणि म्हणाली, "आता पायासारखा लागला बघ पाय." वैष्णवीला रडता रडता हसू फुटलं. मग त्या मुलीनंच हात देऊन वैष्णवीला उठवलं.

परतीच्या एसटीत साक्षी खिडकीशी बसून बाहेर बघत होती. मला कळत होतं, तिला आपल्या शिट्टीचं ओझं झालंय. मी तिच्याजवळ बसले, पण काय बोलायचं? तू बरोबर केलंस म्हणायचं, तर मागच्या बाकावर वैष्णवी बसलेली. मी नुसता तिचा हात धरला.

मंगलताई आमच्याबरोबरच कोरेगावपर्यंत येत होत्या. निम्म्या वाटेत त्या उठून माझ्या पुढच्या बाकावर येऊन बसल्या आणि मागं वळून म्हणाल्या, "बाई, एक विचारू? त्या सायबानं विचारलं तवा ती 'मीच' म्हणाली. ते माझ्यासाठी म्हणाली, न्हवं का?"

म्हटलं, व्हय.

"तिला ठावं होतं, तिचं नुकसान हुईल."

"ठावं होतं."

त्या पुढं वळून बसल्या. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "मेंढरं तिचा बाप आणि चुलता बघतील. मी ऱ्हाते तिच्याजवळ. आता आजी न्हाई तर आई. त्यात काय हाय एवढं?"

त्यात फार होतं. कळपामागं बाई नसणं म्हणजे तळावर चूल नाही, लहान कोकरांना बघायला कुणी नाही. पण त्यांनी नवऱ्याला कसं सांगितलं, काय सांगितलं, ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. एवढंच कळलं की ते एक दिवस येऊन दाराशी दोन घोंगडी ठेवून गेले, थंडीत लागतील म्हणून. मंगलताईंना आमच्या शाळेत पोषण आहाराच्या खिचडीचं काम मिळालं. वैष्णवी दहावी झाली, बारावी झाली, आता सांगलीला कॉलेजात आहे. त्यांच्या घरातली पहिली. पदवीच्या दिवशी मला बोलावणार आहे म्हणते, आणि तोवर निवृत्त झाले असले तरी मी शिट्टी गळ्यात घालून जाणार आहे.

पण तासाचं सांगायचं राहिलं.

वैष्णवीचं ते 'मीच' आम्ही दर वर्षी नववीला खेळून बघतो. कुणी वैष्णवी होतं, कुणी पंच. पंच विचारतो, कुणी लावलं? आणि मी शिट्टी मारते. मग जी वादावादी चालते, ती मला आवरत नाही. एक मुलगा म्हणतो, खोटं ते खोटं, आईसाठी असलं म्हणून काय झालं. एक मुलगी म्हणते, तिनं गुन्हा अंगावर घेतला, गुण नव्हं. एकदा एकीनं विचारलं, तिनं खरं सांगितलं असतं तर ते खरं कुणाच्या डोक्यावर पडलं असतं? मी स्वतः कुठल्या बाजूची, ते मुलांना सांगत नाही, कारण माझी बाजू दर वर्षी बदलते. वैष्णवीला विचारलं तर ती म्हणते, "मला काय म्हाईत, बाई. तोंडातनं आलं."

मागच्या वर्षी तासाला एक गंमत झाली. व्हरांड्यात खेळ मांडला होता. मंगलताई खिचडी वाढायचा भला मोठा डाव हातात घेऊन स्वयंपाकाच्या खोलीतून बघत उभ्या होत्या. एक लहानखुरी मुलगी वैष्णवी झाली होती, पाय जुळवून उभी, चेहरा कावराबावरा. पंच झालेल्या मुलानं आवाज चढवून विचारलं, "पायाला तेल कुणी लावलं?"

मी शिट्टी मारली. सगळा व्हरांडा जिथल्या तिथं थांबला. पंचाचं बोट हवेत, त्या मुलीचं तोंड अर्धवट उघडं.

मंगलताई थांबल्या नाहीत. डाव तसाच हातात घेऊन त्या सरळ मुलांमधून चालत आल्या आणि त्या मुलीच्या पुढं उभ्या राहिल्या. "मी लावलंय," म्हणाल्या.

पंच झालेला मुलगा हलायला मनाई असल्यामुळं ओठही न हलवता कुजबुजला, "मावशी, शिट्टी वाजली. थांबायचं असतंय."

"तुमी थांबा," मंगलताई म्हणाल्या. "माझी पोर उभी हाय हितं."